जहाजावरून बंदी, पाइपातून मुभा: किरणोत्सारी कचरा आणि समुद्र

टीपकागद (धागाकर्ता)

ऑगस्ट २०२३ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रातलं (२०११ च्या भूकंपात निकामी झालेलं) किरणोत्सारी पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली तेव्हा आमच्या कौटुंबिक व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, जपानने पॅसिफिक नासवला, आता मासे खाऊ नका. दुसऱ्या तटाचं, ते पाणी प्यायलं तरी काही होत नाही, हा सगळा चीनचा कांगावा. मधेच एका काकांनी विचारलं, "अरे पण असला कचरा समुद्रात टाकायला जगभर बंदी आहे ना?" त्यावर दोन्ही तट गप्प. मीही गप्पच होतो. नंतर वाचायला घेतलं, त्यातून हा धागा.

आधी थोडा इतिहास. १९४६ साली अमेरिकेने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर पहिल्यांदा असा कचरा बुडवला. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॅरलॉन बेटांभोवती १९७० पर्यंत ४७ हजारांवर पिंपं गेली. ब्रिटनने १९४९ पासून ईशान्य अटलांटिक धरला. बेल्जियम, नेदरलँड्स, फ्रान्स पाठोपाठ आले. ज्याला समुद्रकिनाराच नाही त्या स्वित्झर्लंडनेही आपली पिंपं अटलांटिकमध्ये टाकली, आणि थोडीथोडकी नाही. सोव्हिएत रशियाचं खातं वेगळंच, त्यावर पुढे कुणीतरी लिहीलच.

पिंपात कचरा भरायचा, काँक्रीट ओतायचं, जहाज चार हजार मीटर खोल पाण्यावर न्यायचं आणि कडेवरून लोटून द्यायचं. ते पिंप कायम टिकेल असं कुणी म्हणत नव्हतं. तळाशी पोचेपर्यंत फुटू नये, इतकीच अपेक्षा. पुढे गंजेल, पाझरेल, आणि समुद्र एवढा मोठा आहे की त्यात विरून जाईल, हा हिशेब होता. चोरटेपणा नव्हता. सरकारी परवाने होते, वजनाच्या नोंदी होत्या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने (आयएईए) १९४६ ते १९९३ चा सगळा हिशेब मांडलाय, तो सुमारे ८५ हजार टेराबेक्वेरेल भरतो. सेकंदाला एक अणू फुटला की एक बेक्वेरेल. टेरा म्हणजे लाख कोटी.

१९७२ चा लंडन करार १९७५ साली लागू झाला. त्याने अतितीव्र कचऱ्यावर बंदी घातली, कमी तीव्रतेचा मात्र परवाना काढून टाकायला मोकळीक ठेवली. १९८३ साली पॅसिफिकमधल्या नाउरू आणि किरिबाती या चिमुकल्या देशांनी पूर्ण बंदी मागितली. कारण जपान आपली पिंपं त्यांच्या बाजूच्या समुद्रात टाकायच्या बेतात होता. बंदी मिळाली नाही, ऐच्छिक स्थगिती मिळाली. पूर्ण बंदी १९९३ च्या नोव्हेंबरात मंजूर झाली आणि २० फेब्रुवारी १९९४ पासून लागू झाली.

म्हणजे आमच्या काकांचं बरोबर. पण करारातली बंदी आहे ती जहाज, विमान, प्लॅटफॉर्म किंवा समुद्रातल्या इतर मानवनिर्मित बांधकामावरून टाकण्यावर. किनाऱ्यावरून पाइप टाकून सोडलं तर तो करार लागूच होत नाही. इंग्लंडमधलं सेलाफिल्ड, फ्रान्समधलं ला हाग या अणुकेंद्रांतून अनेक दशकं पाइपाने सोडलं जातंय. फुकुशिमाही त्याच वाटेने गेलं.

तर प्रश्न असा: माशाच्या दृष्टीने पिंप आणि पाइप यांत फरक काय? आणि फरक नसेल तर ही रेघ नेमकी कुणाच्या सोयीने आखली गेली? माझं मत सांगतो. रेघ किरणोत्साराच्या मापाने आखलेली नाही. ज्यांच्या दारात कचरा येणार होता त्यांनी जिथे जिथे आरडाओरडा केला तिथे तिथे ती सरकली. मतभेद असतील तर मांडा, पण विदा घेऊन या.

दहिसर_फास्ट

वाचनखूण साठवली आहे. जडपाणी काका येईपर्यंत चहा टाकतो.

जडपाणी

टाका, आलो. साखर कमी.

धागा चांगला आहे, पण निष्कर्षाची घाई झाली. मी या क्षेत्रात आयुष्य काढलंय, त्यामुळे पक्षपाती म्हणा हवं तर. आमच्याकडे कचऱ्याचे तीन मंत्र शिकवतात. अल्पायुषी असेल तर थोपवून ठेवा, आपोआप विझतो. अगदी सौम्य असेल तर पातळ करून सोडा. तीव्र आणि दीर्घायुषी असेल तर आटवा, काचेत मुरवा आणि कोंडून ठेवा. तारापूरला ऐंशीच्या दशकापासून अतितीव्र कचरा काचेत मुरवतात. तो पाइपातून जात नाही, जहाजातूनही नाही.

पिंप आणि पाइप यांत फरक आहे, आणि मोठा आहे. पाइपाने सोडायचं पाणी आधी टाकीत साठवतात, नमुना घेतात, मोजतात, मगच व्हॉल्व्ह उघडतो. वर्षाची मर्यादा ठरलेली असते. आकडा चुकला तर व्हॉल्व्ह बंद. चार हजार मीटरवर टाकलेल्या पिंपाला व्हॉल्व्ह नसतो.

आता फुकुशिमा. वितळलेल्या इंधनावरून गेलेलं, त्यात भूजल आणि पावसाचं पाणी मिसळलेलं असं सुमारे १३ लाख टन पाणी हजाराहून जास्त टाक्यांत साठलं. ते एएलपीएस नावाच्या गाळण यंत्रणेतून नेलं की ६२ किरणोत्सारी द्रव्यं मर्यादेखाली आणता येतात. उरतो मुख्यतः ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, कारण तो पाण्याच्या रेणूतच हायड्रोजनच्या जागी बसलेला असतो, गाळणार कसा? म्हणून समुद्राच्या पाण्याने पातळ करून लिटरला १,५०० बेक्वेरेलच्या खाली आणतात आणि एक किलोमीटर लांब बोगद्यातून सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक पातळी लिटरला १०,००० आहे. वर्षाची मर्यादा २२ टेराबेक्वेरेल. वजनात सांगायचं तर सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिटियम. साठ मिलिग्रॅम! ला हागमधून वर्षाला दहा हजार टेराबेक्वेरेलच्या आसपास जातो. चीनच्या चिनशान केंद्रातून २०२० साली १४३ गेला. त्यावर कुणी ग्रुप सोडून गेल्याचं ऐकलं नाही.

टीपकागद

@जडपाणी, आकडे मान्य. पण २२ टेराबेक्वेरेल म्हणजे २२ लाख कोटी बेक्वेरेल. हाच आकडा विरोधक असा सांगतात, तुम्ही ६० मिलिग्रॅम सांगता. दोन्ही खरे, आणि दोन्ही सामान्य वाचकाच्या काही कामाचे नाहीत. मला तरी लिटरला किती आणि माशाच्या किलोला किती, एवढंच उपयोगाचं वाटतं.

आणि व्हॉल्व्ह असतो म्हणता, सेलाफिल्डला तो होताच की. तिथे काय झालं?

प्रेस्टनवाली

तिथे काय झालं ते मी सांगते, सेलाफिल्ड आमच्यापासून गाडीने दोनेक तासांवर आहे. (जास्त लागतात, रस्ता वळणावळणाचा आहे. पण उन्हाळ्यात सुंदर.)

१९८३ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी ब्रिटनमध्ये दोन गोष्टी झाल्या आणि टीपकागदचा धागा त्या दोहोंच्या बरोबर मधे बसतो.

पहिली जहाजाची. लंडन करारातल्या देशांनी त्या फेब्रुवारीत स्थगितीचा ठराव केला, पण तो बंधनकारक नव्हता. थॅचरबाईंचं सरकार म्हणालं, आम्ही टाकणार. 'अटलांटिक फिशर' नावाचं जहाज तयार होतं. तेव्हा खलाशांच्या संघटनेने, नॅशनल युनियन ऑफ सीमेनने, जिम स्लेटर यांच्या नेतृत्वाखाली सांगितलं की आमचा एकही माणूस या जहाजावर चढणार नाही. रेल्वे आणि वाहतूक कामगारांच्या संघटनाही सोबत आल्या, म्हणजे माल बंदरापर्यंत येणंही मुश्किल. जहाज गेलं नाही. त्या वर्षीही नाही आणि नंतर कधीच नाही. सरकारने मग प्राध्यापक हॉलिडे यांची समिती नेमली. ठराव, परिषदा, शास्त्रज्ञांचे अहवाल सगळं होतंच, पण प्रत्यक्षात थांबवलं ते खलाशांनी.

दुसरी पाइपाची. त्याच वर्षी नोव्हेंबरात सेलाफिल्डच्या पाइपातून जायला नको होता असा तीव्र मैला समुद्रात गेला. हा पाइप किनाऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटर आत जातो. ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेचे पाणबुडे त्याच्या तोंडाशी काम करत होते, त्यांची रबरी होडी दूषित निघाली, त्यातून हे बाहेर आलं. चाळीसेक किलोमीटरच्या किनाऱ्यावर कामाशिवाय जाऊ नका असं लोकांना सांगण्यात आलं आणि ते कित्येक महिने चाललं. कंपनीवर खटला झाला. १९८५ साली दंड झाला दहा हजार पौंड.

म्हणजे जडपाणी काकांचा व्हॉल्व्ह होता. तो चालवणारी माणसं होती.

पण मी पूर्ण विरोधात नाही, कारण पुढचा भागही आहे. १९९४ पासून तिथे नवीन शुद्धीकरण यंत्रणा सुरू झाली आणि गंमत म्हणजे तिच्यामुळे जुना साठवलेला कचरा निकाली निघताना टेक्नेशियम-९९ हे किरणोत्सारी द्रव्य जास्त बाहेर पडायला लागलं. ते आयरिश समुद्रातल्या लॉबस्टरमध्ये सापडलं, प्रवाहाबरोबर नॉर्वेपर्यंत पोचलं. नॉर्वे आणि आयर्लंड हात धुऊन मागे लागले. आधी सांगितलं जात होतं की यावर व्यवहार्य उपाय नाही. दबाव वाढल्यावर एक रसायन वापरून ते गाळता येतं हे सिद्ध झालं, आणि २००४ पासून प्रमाण एकदम खाली आलं. माझा निष्कर्ष: पाइपावर नियंत्रण ठेवता येतं, पण ते ठेवलं जातं शेजारी भांडला तर.

दहिसर_फास्ट

थॅचरबाईंना खलाशी भारी पडले हे वाचून चहा गोड लागला.

कोरडी_भरती

नेहमीचा अजेंडा. युरोपने केलं ते केलं, आता भारताच्या अणुऊर्जेला खीळ घालायची म्हणून असे धागे येतात. धागाकर्त्याला ग्रीनपीसकडून किती मिळाले?

टीपकागद

चहाचे पैसेसुद्धा दहिसर_फास्टनेच दिलेत. धाग्यात भारताचं नावही मी घेतलेलं नाही, शोधून दाखवा.

तुम्ही ग्रीनपीस काढलंच आहे तर रशियाचं सांगून टाकतो. लंडन करारावर सही असतानाही सोव्हिएत सरकार आर्क्टिकमधल्या कारा समुद्रात, नोवाया झेम्ल्याच्या आसपास, काय वाटेल ते बुडवत होतं. १६ अणुभट्ट्या, त्यांतल्या काहींत वापरलेलं इंधन तसंच. के-२७ ही अख्खी पाणबुडी १९८२ साली बुडवली ती तीसेक मीटर पाण्यात, तेव्हा नियम होता चार हजार मीटरचा. हे बाहेरच्या कुणी उघड केलं नाही. १९९३ साली अलेक्सेई याब्लोकोव्ह यांच्या समितीने केलं, आणि ते राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांचे सल्लागार होते. स्वतःच्या देशाचं असं काही छापायला हिंमत लागते.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात टीएनटी-२७ नावाच्या रशियन जहाजाने जपानच्या समुद्रात ९०० टन द्रव कचरा सोडला. ग्रीनपीसच्या बोटीने पाठलाग करून चित्रण केलं. येल्त्सिन आठवडाभरापूर्वीच टोकियोत पाहुणचार घेऊन गेले होते. जपानमध्ये भडका उडाला. गेली दहा वर्षं समुद्राचा पर्याय हाताशी ठेवू पाहणारा जपान त्या नोव्हेंबरात पूर्ण बंदीच्या बाजूने उभा राहिला. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, रशिया आणि चीन तटस्थ राहिले. १९८३ ला नाउरूने सांगितलं ते पटलं नव्हतं, स्वतःच्या दारात आल्यावर पटलं.

जडपाणी

त्या प्रकरणाचा पुढचा भागही सांगा की. रशियाकडे तो द्रव कचरा साठवायला जागा आणि शुद्ध करायला यंत्रणा नव्हती. जपानने पैसा दिला, 'सुझुरान' नावाचा तरंगता शुद्धीकरण प्रकल्प बांधून व्लादिवोस्तोकजवळ दिला, आणि समुद्रात टाकायचं कारणच उरलं नाही. कोकलण्यापेक्षा यंत्रणा बांधून देणं जास्त कामाचं. आमच्या पेशाची बाजू म्हणून नोंदवून ठेवतो.

अनुच्छेद

कायद्याच्या बाजूने थोडी भर. रेघ कशी आखली गेली याचं उत्तर बरंचसं सागरी कायद्यात आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्र सागरी करारात जहाजावरून टाकण्यासाठी अनुच्छेद २१० आहे. तो म्हणतो, देशांचे कायदे जागतिक नियमांपेक्षा कमी परिणामकारक असता कामा नयेत. जमिनीवरून येणाऱ्या प्रदूषणासाठी अनुच्छेद २०७ आहे. तो फक्त म्हणतो, देशांनी कायदे करताना आंतरराष्ट्रीय नियम "विचारात घ्यावेत". जमिनीवरचा पाइप म्हणजे सार्वभौमत्वाचा भाग, तिथे दुसऱ्याने बोट घालणं कुणालाच नको होतं. आणि अणुभट्टीपुरता हा प्रश्न नव्हता. जमिनीवरून येणारं असं म्हटलं की शहरांचं सांडपाणी, शेतातली खतं, कारखाने, सगळंच आत येतं. तेवढ्यावर कडक बंधन घालणाऱ्या करारावर सही कोण करणार?

फुकुशिमाच्या वेळी दक्षिण कोरियाने लंडनच्या बैठकीत मुद्दा काढला होता की एक किलोमीटर समुद्राखालून गेलेला बोगदा हे "समुद्रातलं मानवनिर्मित बांधकाम" धरा, म्हणजे बंदी लागू होईल. युक्तिवाद चलाख आहे. जपानचं उत्तर, तो जमिनीवरच्या प्रकल्पाचाच भाग. ते मान्य केलं नाही तर ला हाग आणि सेलाफिल्डचे पाइपही बेकायदा ठरतात, आणि तेवढी हिंमत कुणाची नव्हती.

एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. १९९३ ची बंदी अमर नाही. त्यात कलमच आहे की दर २५ वर्षांनी शास्त्रीय अभ्यास करून बंदीचा फेरविचार करायचा, अतितीव्र कचरा सोडून. पहिल्या फेरविचाराची मुदत २०१९ ला भरली. पुढची २०४४ ला. तोवर इथले किती आयडी जिवंत असतील देव जाणे. ह.घ्या.

जडपाणी

मी नसेन. पासवर्ड दहिसर_फास्टकडे ठेवून जाईन.

सेंदाईकर

उशिरा आलो, माफी. अकरा वर्षं इकडे आहे. सेंदाई शहर फुकुशिमाच्या शेजारच्याच मियागी प्रांतात आहे, त्यामुळे हा विषय इथे बातम्यांतून कमी आणि मासळी बाजारातून जास्त कळतो.

आमच्या इथल्या बाजारात माशाच्या प्रत्येक खोक्यावर बंदराचं नाव असतं. फुकुशिमा-इबाराकीच्या किनाऱ्यावरच्या माशाला 'जोबानमोनो' म्हणतात. भूकंपाआधी टोकियोच्या घाऊक बाजारात त्याला मान होता, विशेषतः हिरामेला. हिरामे म्हणजे चपटा मासा, आपल्याकडच्या लेपसारखा, पण चांगला थाळीएवढा. २०११ नंतर तिथली मासेमारी बंद झाली. २०१२ पासून चाचणी म्हणून थोडी थोडी सुरू झाली, ती चाचणी २०२१ पर्यंत चालली. सरकारची किरणोत्सारी सीझियमची मर्यादा किलोला १०० बेक्वेरेल. तिथल्या मच्छीमारांनी स्वतःसाठी ५० ठेवली. सरकारपेक्षा निम्मी! नाव परत मिळवायचं होतं म्हणून. जरा बस्तान बसतंय तोवर एप्रिल २०२१ मध्ये सरकारने पाणी सोडायचा निर्णय जाहीर केला.

इथे मला जडपाणी काकांच्या आकड्यांबद्दल वाद नाही. वाद वेगळा आहे. २०१५ साली सरकारने आणि वीज कंपनीने फुकुशिमाच्या मच्छीमार महासंघाला लेखी दिलं होतं की संबंधितांची समजूत पटल्याशिवाय पाण्याची कोणतीही विल्हेवाट लावणार नाही. लेखी. २०२३ साली महासंघ विरोधात उभा असताना पाणी सुटलं. सरकारचं म्हणणं, समजूत बऱ्यापैकी पटली आहे. मच्छीमारांचं म्हणणं, आम्हाला कुणी विचारलं? नुकसान झालं तर भरपाईचा ३० अब्ज येनचा निधी केला, मग आणखी ५० अब्जांचा. पण ज्याने पन्नासची मर्यादा स्वतःहून पाळली त्याला पैसे नको होते.

दुसरं, २०१८ मध्ये उघड झालं की टाक्यांतल्या बहुतेक पाण्यात ट्रिटियमशिवाय स्ट्रॉन्शियमसारखी इतर द्रव्यंही सोडण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त आहेत. तोवर लोकांना चित्र असं दिलं होतं की फक्त ट्रिटियम उरलाय. पाणी पुन्हा गाळता येतं, गाळतातही, सोडण्याआधी मोजतात. आयएईएचा जुलै २०२३ चा अहवालही म्हणतो की परिणाम नगण्य. पण २०१८ ची ती गोष्ट लोक विसरले नाहीत.

पर्याय होते का? होते. सरकारी कृतिगटाने २०१६ मध्ये पाच मोजले: खोल जमिनीत सोडणं, समुद्र, वाफ करून हवेत, हायड्रोजन करून हवेत, काँक्रीटसारखं घट्ट करून पुरणं. समुद्र सगळ्यांत स्वस्त आणि लवकर होणारा. शिवाय आणखी टाक्या बांधून थांबायचं हाही मार्ग होता. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं आहे, म्हणजे तेवढ्यात तो निम्मा उरतो, थोपवण्याच्या मंत्रात बसतं ते. सरकार म्हणालं, जागा नाही.

आता विरोधकांच्या बाजूची अतिशयोक्तीही सांगतो. मे २०२३ मध्ये केंद्राच्या बंदरात किलोला १८,००० बेक्वेरेल सीझियम असलेला एक मासा सापडला. त्याचा फोटो जगभर फिरला. पण तेव्हा पाणी सोडायला सुरुवातच झाली नव्हती. तो बांध घातलेल्या बंदरातल्या २०११ च्या गाळाचा प्रसाद. आणि वीज कंपनीने पातळ केलेल्या पाण्याच्या टाक्यांत हिरामे आणि अबालोन (मोठी समुद्री गोगलगाय) पाळले होते, त्यांचं चित्रण इंटरनेटवर चालू असायचं. मी पाहिलंय. मासे नुसते पडून असतात, हिरामे असाच असतो. त्यांच्या अंगातला ट्रिटियम पाण्याच्या पातळीपर्यंत चढतो, वर जात नाही, साध्या पाण्यात सोडले की उतरतो. साठत जात नाही, हे खरं.

आम्ही खातो. बायको खोकं बघून घेते, पण घेते.

टीपकागद

सेंदाईकर, तुमचा प्रतिसाद म्हणजे वेगळा धागा आहे. १२.३ वर्षांचा मुद्दा माझ्या डोक्यात बसला. ४० वर्षांत मूळच्या दहा टक्क्यांच्या आसपास राहील, आणि पाणी सोडण्याचा कार्यक्रमही साधारण ३० वर्षांचाच आहे. म्हणजे वेळ जाणारच होता, फक्त टाकीत की समुद्रात, एवढंच ठरवायचं होतं.

जडपाणी

टाकीत ठेवायलाही धोका असतो हो. भूकंपप्रवण किनाऱ्यावर हजार टाक्या तीस वर्षं? एखादी फुटली की न मोजलेलं, न पातळ केलेलं पाणी एकदम जाणार. मी तिथे असतो तर मीही सोडायच्याच बाजूने मत दिलं असतं. मात्र २०१५ चा कागद मी दिला नसता. जे पाळता येणार नाही ते लेखी देऊ नये, हे कुठल्याही प्लांटवर पहिल्या वर्षी शिकतात.

प्रेस्टनवाली

जुन्या पिंपांचं काय झालं असं कुणी विचारलं नाही, म्हणून सांगते. २०२५ च्या उन्हाळ्यात फ्रेंच संशोधकांनी 'युलिक्स' हा रोबोट ईशान्य अटलांटिकच्या तळाशी पाठवला. तीन हजारांहून जास्त पिंपांच्या जागा नकाशावर घेतल्या. अंदाज आहे की त्या भागात दोन लाखांवर पिंपं आहेत. गंजलेली, काही पिचलेली, काहींतून काहीतरी पाझरताना दिसलं. अंगावर समुद्रफुलं चिकटलेली. किरणोत्साराच्या मोजण्या तळाच्या नेहमीच्या पातळीच्या जवळपासच आल्या. गाळ आणि माशांचे नमुने तपासायला वेळ लागणार आहे. शेवटचं पिंप पडल्यावर चाळीस वर्षांनी नकाशा होतोय, हे मला जास्त खटकलं.

खाडीमुख

इतका वेळ वाचत होतो. पालघर तालुक्यातला आहे, घरात तीन पिढ्या बोटी. कोरडी_भरती यांनी भारत काढलाच आहे तर आता भारतावरच बोलू.

तारापूरची पहिली दोन युनिट १९६९ ची. मग तिसरं-चौथं आलं, त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवली. अणुकेंद्राच्या विरोधात म्हणून मी हे लिहीत नाही. माझा मामेभाऊ तिथे कंत्राटदाराकडे कामाला होता, घर चाललं त्याचं. पापलेट कमी झालं म्हणून सगळे आधी केंद्राकडे बोट दाखवतात, तेही मला पटत नाही. पर्ससीनवाले, ट्रॉलर, पोटात अंडी असताना केलेली मासेमारी, कारखान्यांचं रंगीत सांडपाणी, यांनी जास्त वाट लावली. आमच्या जाळ्याला काळा चिकट लेप बसतो तो काही किरणोत्साराचा नाही.

माझा प्रश्न साधा आहे. वर जडपाणी काकांनी फुकुशिमा, ला हाग, चिनशान सगळ्यांचे आकडे टेराबेक्वेरेलमध्ये दिले. तारापूरचा आकडा किती? तिसरं-चौथं युनिट जड पाण्याचं आहे, म्हणजे ट्रिटियम जास्त, हे मी तुमच्याच आयडीवरून गुगल करून वाचलं. एका सरकारी कार्यालयात विचारायला गेलो होतो. तिथले साहेब म्हणाले, "सगळं मर्यादेच्या आत आहे, काळजी करू नका." मर्यादा किती विचारलं तर म्हणाले, वेबसाइटवर बघा. वेबसाइट इंग्रजीत. कोळीवाड्यात ती कोण वाचणार?

जैतापूरला साखरी नाटेच्या लोकांनी २०११ ला अणुप्रकल्पाविरोधात जे आंदोलन केलं ते बघून लोक म्हणतात यांना विज्ञान कळत नाही. त्यांची मुख्य भीती गरम पाण्याची होती, बाहेर सोडलेल्या पाण्याने मासा खोल जाईल याची. ती भीती अडाणीपणाची होती का? मासा कुठल्या पाण्यात थांबतो हे त्यांना ठाऊक नसेल तर कुणाला?

जडपाणी

खाडीमुख, प्रश्न रास्त आहे. सरळ उत्तर देतो.

१९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली १९८७ साली विल्हेवाटीचे नियम झाले. त्यांनुसार केंद्राला सोडायच्या प्रत्येक प्रकारच्या कचऱ्यासाठी परवानगी लागते आणि वर्षाची मर्यादा ठरवून मिळते. सौम्य द्रव कचरा मोजून, पातळ करून समुद्रात जातो. तारापूरला जातो, तुर्भ्याच्या भाभा केंद्रातून मुंबई बंदराच्या खाडीत जातो. हे गुपित नाही, शोधनिबंध छापून आलेत. प्रत्येक केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते, केंद्र सुरू व्हायच्या आधीपासून. मासे स्थानिक बाजारातूनच विकत घेतात. साफ करून, वाळवून, भट्टीत जाळून राख करतात. किलोभर माशाची मूठभरही राख होत नाही. ती डबीत भरून शिशाच्या जाड भिंतींच्या आत मोजयंत्राखाली तासन् तास ठेवतात, तेव्हा सीझियमचा बारीकसा उंचवटा पडद्यावर दिसतो किंवा दिसत नाही. ट्रिटियम असा सापडत नाही. तो जाळताना उडून जातो. त्यासाठी पाणी वेगळं काढून चमकद्रवात मिसळून अंधारात मोजावं लागतं. मी त्या खोलीत बसलोय. मोजणाऱ्या पोरी-पोरांच्या प्रामाणिकपणावर मला काडीचा संशय नाही.

पण तुम्ही म्हणता ते खरं आहे. नियामक परिषदेच्या वार्षिक अहवालात आलेख येतात ते बहुधा "मर्यादेच्या इतके टक्के" असे. चार टक्के, दहा टक्के. आम्हाला त्यातून काय ते कळतं, कोळीवाड्याला कळत नाही. आणि मराठीत तर काहीच नाही.

कोरडी_भरती

सुरक्षेच्या दृष्टीने सगळे आकडे जाहीर करता येत नाहीत, एवढं समजायला हवं.

अनुच्छेद

बॉम्बचे आकडे जाहीर करता येत नाहीत हे मान्य. वीजकेंद्राच्या सांडपाण्याचे का नाही? ईशान्य अटलांटिकच्या ओस्पार करारातले देश दर वर्षी प्रत्येक केंद्राचा द्रव कचरा टेराबेक्वेरेलमध्ये छापतात. त्यात फ्रान्स आणि ब्रिटनही आहेत, दोघांकडे बॉम्ब आहेत. त्यांच्या सुरक्षेला त्याने काही झालेलं नाही.

@खाडीमुख, अणुऊर्जा नियामक परिषद माहिती अधिकारात येते. कार्यालय अणुशक्तीनगरला, फी दहा रुपये. "सुरक्षित आहे का" असं विचारू नका, त्याला "होय" एवढंच उत्तर येईल. विचारायचं असं: गेल्या दहा वर्षांत, वर्षनिहाय, युनिट १-२ आणि ३-४ वेगवेगळे, द्रव मार्गाने समुद्रात सोडलेला ट्रिटियम आणि इतर किरणोत्सार, बेक्वेरेलमध्ये. त्या त्या वर्षाची मंजूर मर्यादा, तीही बेक्वेरेलमध्ये. आणि सर्वेक्षण प्रयोगशाळेने तपासलेल्या माशांच्या जाती, नमुन्यांची संख्या, किलोला मिळालेली मापं. मसुदा मी करून देतो, निरोप टाका.

जडपाणी

मसुद्यात मुशी आणि बोंबील नावानिशी विचारा, नुसतं "मासे" लिहू नका. आणि नमुना कुठल्या बंदरावरून घेतला तेही. उत्तर आलं की इथे टाका, टक्के-बेक्वेरेलचं मराठी मी करून देतो.

खाडीमुख

पापलेट राहिलं की काका. मसुद्यात पापलेट, घोळ, सुरमईही घालतो. अनुच्छेद, निरोप टाकलाय.

दहिसर_फास्ट

दहा रुपये माझ्याकडून. बोंबलाचं उत्तर आलं की मला टॅग करा.